दोन दारांचं घरटं

"दोन दारं आहेत माझ्या घरट्याला, आजी! साप एका दारातून शिरला, तर दुसरं मोकळं. परीक्षक मोरांनी माना डोलावून बक्षीस दिलं आणि तुम्ही नाक मुरडता?" तरणा सुगरणपक्षी झिपऱ्या फांदीवर थयथयाट करत होता.

"अंडी कधी उडून गेली होती रे, दुसऱ्या दारातून?" म्हातारी चिमी सुगरण म्हणाली.

माणसांना पाखरांचं बोलणं कळायचं, तेव्हाचं हे भांडण. विहिरीवरच्या बाभळीवर दरसाल नव्या घरट्यांची स्पर्धा भरे, आणि सुगरणींची पोरं वर्षभर, बरं का, तेवढ्यापुरतंच विणायला शिकत.

"नवं कर, दहा दारं कर," चिमी म्हणाली. "पण फांदीला गाठ कशी मारलीस?"

"मोर खालून बघतात. गाठ कुणी बघतच नाही."

झिपऱ्याची बायको, रेशमी, त्या घरट्याच्या दाराशी बसली होती. तिची अंडी घालायची वेळ झाली होती. तेवढ्यात वारा उठला. घरटं गर्रकन फिरलं आणि गाठीतलं गवताचं एक पातं तुटून खाली काळ्या पाण्यात पडलं. बाभळीवरच्या प्रत्येक पोराने घाबरून आपापली गाठ पाहिली. एकाचीही धड नव्हती.

"स्पर्धेत वारा नव्हता," झिपऱ्या पुटपुटला. "आणि घरटं रिकामं होतं."

रेशमीला पंखाखाली घेत चिमी म्हणाली, "हिची अंडी माझ्या घरट्यात राहतील, आणि आज रात्रभर या बक्षिसात तू एकटा झोपून दाखव."