आडबंदरात भवानीचे नाणे कपाळाला का लावत नाहीत

बाबल पांचाळ त्या दिवशी ज्या दुकानात प्रथम गेला, ते दुकान माझ्या माहेरचे, म्हणजे शेट्यांचे होते. मी याच गावच्या शाळेत शिकवले आणि येथेच निवृत्त झाले. येणाऱ्या पाहुण्यांना ही आख्यायिका सांगण्याचे काम ग्रामसभेने माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी एकच अट घातली होती: आमच्या घराण्याचे नाव मी गाळणार नाही. म्हणून ते आधी सांगितले.

आपण ज्या काळ्या धोंड्याभोवती उभे आहात, त्याच्या माथ्यावर उथळ खळगे दिसतात. ते पावसाने पडलेले नाहीत. मघाशी आपल्यातील एका बाईंनी भाजीवालीला तिची भवानी दिली, दिवसाची पहिली खरेदी केली, आणि भाजीवालीने ते पैसे कपाळाला न लावता सरळ कनवटीला खोचले. बाईंना ते उद्धटपणाचे वाटले. तो उद्धटपणा नव्हे. इतरत्र पहिल्या विक्रीचे पैसे कपाळाला लावण्याची रीत आहे, हे आम्हांलाही ठाऊक आहे. आमच्याकडे ती मोडली, आणि ती येथेच, या धोंड्यापाशी मोडली, असे सांगतात.

फार पूर्वी आडबंदर हे एक लहानसे राज्य होते. राज्याला गादी होती, निशाण होते, पण स्वतःचे नाणे नव्हते. बाजारात चालत असे ती गलबती. समुद्रापलीकडून येणारे हे चांदीचे नाणे. त्याच्या एका बाजूला शिडाचे जहाज आणि दुसऱ्या बाजूला येथे कोणालाही वाचता न येणारी अक्षरे. ज्यांना ती वाचता येत नसत, तेच गलबतीची सर्वांत अधिक प्रशंसा करीत, असे माझे वडील म्हणत.

एका वर्षी समुद्रापलीकडे युद्ध जुंपले आणि जहाजे आली नाहीत. नवी गलबती येईना. ज्यांच्याजवळ होती त्यांनी ती पुरून ठेवली. कोठारे भाताने भरलेली होती, मिठागरांत मिठाचे ढीग होते. तरीही भातवाले अळणी जेवले आणि मीठवाले उपाशी निजले, कारण गलबतीवाचून कोणी कोणाला काही देईना. आपलेच धान्य आपल्याच माणसाला देण्यासाठी हे गाव परक्या जहाजाची वाट पाहत बसले होते.

तेव्हा राज्याचा कारभार म्हाळसाऊसाहेब पाहत असत. पती निवर्तलेले, पुत्र अजाण. त्यांनी पतीच्या पालखीवरची चांदी उतरवली आणि स्वतःचे दागिने त्यात घातले. आपल्या राज्याचे नाणे पाडायचे, असे त्यांनी ठरवले आणि ग्रामदेवतेपुढे त्या नवस बोलल्या: आपले नाणे घरोघर पोहोचेपर्यंत मी पत्रावळीवर जेवेन. नाण्यावर राजाचा मुखवटा नको, भाताची लोंबी असावी, हेही त्यांनीच सांगितले. म्हणून त्या नाण्याचे नाव लोंबी पडले. चांदीने ते गलबतीपेक्षा रतीभर सरसच होते, म्हणे.

टांकसाळीत घण मारणारा कारागीर होता बाबल पांचाळ. दवंडी पिटली गेली: गलबती टांकसाळीत आणून द्यावी, बदल्यात लोंबी न्यावी, येथून पुढे बाजारात लोंबीच चालेल. बाबलने आपल्या घरची सगळी गलबती त्याच दिवशी आणून दिली. इतरांनी थोडी दिली आणि उरलेली चुलीमागे पुरली.

आता जे सांगायचे, ते सांगताना आजही माझी मान खाली जाते. लोकांनी लोंबीचा अपमान केला असता, तर राणीला ते निदान कळले तरी असते. लोकांनी तिची पूजा केली. घरोघर लोंबी देवघरात गेली, तिला हळदकुंकू वाहिले गेले, बायकांनी तिच्यावर ओव्या रचल्या. आणि बाजारात, पदराआडून, गलबतीच फिरत राहिली. जहाजे पुन्हा येतील, त्यांना लोंबी कशी चालेल, ही लोकांची भीती होती. भीती आहे असे म्हणवेना, म्हणून ते भक्ती आहे असे म्हणाले.

राणीला कारभाऱ्यांनी सांगितले, “आऊसाहेब, लोंबी नाही असे एक घर उरले नाही. लोक तिला देवापाशी ठेवतात.” राणीच्या डोळ्यांत पाणी आले. नवस फळला असे समजून त्यांनी उद्यापन मांडले.

उद्यापनाच्या दिवशी बाजारही होता. बाबलची बायको आवडी बाळंतीण होती. मुलगी झाली होती, आणि आवडीला ताप भरला होता. सुईणीने जुना तांदूळ, साजूक तूप आणि सुंठ आणायला सांगितली. बाबल मजुरीच्या लोंब्या मुठीत घेऊन निघाला. तो प्रथम नारोबा शेट्यांच्या दुकानात आला.

नारोबांनी नाणे दोन्ही हातांत घेतले, कपाळाला लावले, डोळे मिटले आणि परत केले.

“अरे बाबल, ही लक्ष्मी! हिला मी सुकटीच्या पैशांबरोबर गल्ल्यात टाकू? दुसरे काही असेल तर दे.”

“दुसरे नाही, शेट. टांकसाळीत दिले.”

“सगळे? आणि लोक तुला शहाणा म्हणतात!” दुकानातली माणसे हसली. नारोबाही हसले, आणि मग त्यांना थोडे वाईट वाटले असावे. “बरे, पसाभर तांदूळ तसाच ने. घरी बाळंतीण आहे.”

“मी भिकेला आलो नाही, शेट. बाजाराला आलो आहे.”

तो भिवरा गवळणीकडे गेला. तिनेही नाणे कपाळाला लावले. “माझे हात बघ किती ओशट! डाग पडला तर पाप कोणाला? जा बाबा, देवापुढे ठेव तिला.”

सुंठीसाठी तो दाऊदभाईंकडे गेला. दाऊदभाईंनी नाण्याला हातच लावला नाही. “बाबल, गाव हिची पूजा करतो. उद्या मी ही खर्च केली, तर हेच लोक विचारतील, दाऊद, आमची देवी कुठे विकलीस? मी एकटा कसा घेऊ?”

त्या दिवशी बाजारातल्या प्रत्येक दुकानात बाबलच्या नाण्याला नमस्कार झाला. वाड्यावर जाऊन सांगावे, तर तेथे उद्यापनाची पंगत बसली होती. आणि आपणच पाडलेले नाणे चालत नाही, हे आऊसाहेबांना कोणत्या तोंडाने सांगावे, असे त्याला वाटले. तो रिकाम्या हातांनी घरी गेला. त्याने पसाभर तांदूळ घ्यायला हवा होता, असे पाहुण्यांपैकी कोणीतरी नेहमी म्हणते. माझ्या माहेरीही हेच म्हणत असत. मी ते म्हणत नाही.

आवडी त्याच आठवड्यात गेली. मूल जगले.

दहाव्याच्या दिवशी गाव बाबलच्या दारी आले. प्रत्येकाने देवघरातली लोंबी मदत म्हणून आणली होती. नाण्यांवर हळदकुंकवाचे थर वाळले होते. ताट भरले. बाबलने एक नाणे उचलले आणि अंगठ्याने हळद पुसली. मग ताट एका हातावर आणि घण खांद्यावर घेऊन तो बाजाराकडे चालू लागला. लोक मागोमाग आले.

या धोंड्यावर त्याने पहिली लोंबी ठेवली आणि घण मारला. भाताची लोंबी पुसली गेली. मग दुसरी. आपल्याच हातचा ठसा तो एकेक करून मोडत होता आणि कोणी त्याचा हात धरला नाही, असे म्हणतात. शेवटी चपटी झालेली चांदी त्याने नारोबांच्या तळहातावर ठेवली.

“शेट, आता यात देव राहिला नाही. नुसती चांदी आहे. आता तांदूळ द्या.”

आणि नारोबांनी तांदूळ मोजून दिला. या आख्यायिकेतले हे वाक्य मी अधिक हळू सांगते, कारण यापुढे आमच्या घराण्याला स्वतःविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही.

त्या तांदळाचा भात शिजला, पिंड झाला. भटजी म्हणाले, “खाडीवर चल, बाबल. पिंड बाजारात ठेवत नाहीत.”

“तिचे इथेच अडले आहे, भटजी,” बाबल म्हणाला, आणि पिंड या धोंड्यावर ठेवला.

कावळे आले, पलीकडच्या पिंपळावर बसले, पण पिंडाला एकही शिवेना. भटजींनी पुढे होऊन सांगितले, “बाई, मुलीचे सगळे नीट करू.” कावळा हलला नाही. भिवराने बाळाला छातीशी धरून पदर पसरला: “तुझी लेक माझ्या दुधावर वाढेल.” कावळा हलला नाही. ऊन चढले. तोपर्यंत वाड्यावर वर्दी गेली होती. राणी पायी आल्या आणि म्हणाल्या, “आवडी, तुझ्या नावाने देऊळ बांधते.” झाडावरचे कावळे उडून आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसले.

तेव्हा नारोबा शेट्ये पुढे आले. त्यांनी पागोटे उतरवून धोंड्याजवळ ठेवले. ते हळू बोलले. जवळच्यांनाच ऐकू आले. “बाई, तुझ्या नवऱ्याच्या हातचे नाणे मी गल्ल्यात घालीन. मिठात, सुकटीत, कशातही घालीन. कपाळाला लावणार नाही.”

कावळा शिवला.

आजही धोंड्यावर ते खळगे आहेत. आपण त्यांत बोट घालून पाहू शकता. आजही आडबंदरात लक्ष्मीपूजनाला ताटात पैसे नसतात, भाताची एक लोंबी असते. आणि आजही येथे भवानी कपाळाला लावत नाहीत. ती घेतात आणि पुढच्याच खरेदीत कोणाला तरी देऊन टाकतात.

त्या दिवशी येथे ठरले ते असे. लोंबी देवघरात ठेवायची नाही. ज्याच्या हातातून येईल त्याच्या हातातून घ्यायची, आणि तिला नमस्कार करायचा नाही. चुलीमागची गलबती सूर्यास्ताच्या आत टांकसाळीत द्यायची. याला नारोबा शेट्यांनी प्रथम होकार दिला, मग भिवरा गवळणीने, मग दाऊदभाईंनी, मग सगळ्या बाजाराने. राणींनी होकार दिला आणि त्याच दिवसापासून पुन्हा पत्रावळ घेतली. ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

बाबल पांचाळाने होकार दिला, असे कोणी सांगत नाही. त्याने घण उचलला, भिवराच्या हातातून मूल घेतले आणि तो टांकसाळीकडे निघून गेला, एवढेच सांगतात.