चिंचेचा वळसा

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा राजे लढायांपेक्षा बागांवरून एकमेकांशी चुरस करत. असा काळ खरंच होता का, हे मला विचारू नका. होता असं धरून चाला, म्हणजे गोष्ट पुढे सरकेल.

तेव्हा एका राज्यात आबा नावाचे म्हातारे गुरुजी होते. त्यांच्या पाठशाळेत नुसती झाडं लावायला शिकवत नसत. उतार कुठला, पाणी कुठून येतं, ऊन कुठे रेंगाळतं, माणसं कुठे टेकतात, हे पाहून अख्ख्या जागेची रचना करायला शिकवत. पहिलं वर्ष जागा नुसती बघायची. दुसऱ्या वर्षी कापडावर तिचा आराखडा काढायचा. मग खरी बाग उभी करायची, आणि ती वर्षभर कुंपणाशिवाय टिकली पाहिजे. टिकली, तर आबा आपल्या हाताने मोजणीची दोरी देत. त्या दोरीला राज्यभर मान होता. कुंपण घालावं लागलं, तर परत पहिल्या वर्षाला बसायचं.

शेवंता ही कुंभाराची लेक, आबांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिने ओढलेली रेघ पाहिली की बाकीचे आपापली कापडं गुपचूप गुंडाळून ठेवत. पण हीच सफाई तिला नडली. तिला गावाबाहेरचा माळ मिळाला होता. इतर जण आपापल्या जागेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत. ही मात्र माळावर बसून मनातल्या मनात कारंजी बसवायची. बघण्याचं वर्ष तिने कसंबसं ढकललं.

त्या माळावरून गावची पायवाट नदीकडे जायची. निम्म्यावर आली की ती उगाचच मोठा वळसा घ्यायची. मध्ये ना खड्डा, ना दगड. शेवंताने ती वाट सरळ आखली आणि वळशाच्या जागी फुलांचे ताटवे काढले.

आराखडा पाहताना आबांचं बोट तिथेच थांबलं. ही वाट वाकडी का होती, असं त्यांनी विचारलं. लोकांना सवय, दुसरं काय, कुणी नीट आखून दिलीच नव्हती, असं शेवंता म्हणाली. आबा नुसतं 'हं' म्हणाले आणि त्यांनी कापड परत दिलं.

बाग झाली. राजा येऊन वाहवा करून गेला. आणि आठच दिवसांत ताटव्यांतून पाऊलवाट पडली, अगदी जुन्याच वळशाची. शेवंताने झेंडू पुन्हा लावला. पुन्हा तुडवला गेला. तिने अबोली लावली, तिचीही तीच गत. लोक डोळ्यांदेखत चांगली फरसबंदी सोडून फुलांतून जात होते, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

वर्ष भरायला महिना उरला. आबांची तब्येत ढासळत चालली होती. दोरी मिळायची तर आताच, नाहीतर त्यांच्या हातून कधीच नाही, हे तिला दिसत होतं. शेवटी तिने वळशावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. हे काही कुंपण नव्हे, नुसत्या चार फांद्या, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी तिथेच पायात काटा मोडून बसली होती. शेवंता शरमेने अर्धी झाली. तिने म्हातारीचा पाय मांडीवर घेतला, काटा काढला, आणि मग पहिल्याच वर्षी विचारायचं ते आत्ता विचारलं, "आजी, वाट सरळ केली आहे. तुम्ही इकडून का जाता?"

"अगं, मध्ये चिंच नाही का?" म्हातारी बोलून गेली आणि मग स्वतःशीच हसली. "होती म्हणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गाडीचे बैल तिच्याच खाली सोडले होते. सासूने मला पहिलं पाणी तिथे पाजलं. वादळात पडली, त्याला चाळीस वर्षं झाली असतील. पण पायांना कुणी सांगितलंच नाही बघ."

सून, नातवंडं, सगळी तिच्या पाठोपाठ तसंच चालायला शिकली होती. शेवंता त्या मोकळ्या जागेकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. एक वर्ष ती या माळावर बसली होती, आणि तिला चिंच दिसली नव्हती.

तिने काटे उचलले. ताटवे उपटले. आपली सरळ फरसबंदी आपल्या हाताने उखडली आणि वळशाच्या पोटात चिंचेचं रोप लावलं. वर्ष भरलं तेव्हा तिथे उघडी माती, जुनी वाट आणि वीतभर रोप, एवढंच होतं.

आबांना डोलीतून आणलं. शेवंता मान खाली घालून म्हणाली, "आबा, मी काटे टाकले होते. मला पहिल्या वर्षाला बसवा."

आबा रोपाकडे पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले. "लहानपणी हिच्या चिंचा पाडताना फार मार खाल्लाय मी," ते म्हणाले.

"मग तुम्हाला ठाऊक होतं! मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तुला चिंच कळली असती. विचारायचं कसं, ते कळलं नसतं." त्यांनी कमरेची मोजणीची दोरी सोडली आणि तिच्या हातात ठेवली. "पहिलं वर्ष तुझं आज पुरं झालं."

आबा त्याच हिवाळ्यात गेले. शेवंताने पुढे कितीतरी बागा आखल्या आणि तीही म्हातारी झाली. आता ती चिंचेखाली टेकते, तेव्हा आबांच्या आठवणीने तिचा हात दोरीकडे जातो. नदीवर जाणारी पोरं झाडाला वळसा घालतात. झाड मध्ये आलं म्हणून वाट वाकली, असं ती एकमेकांना सांगतात. शेवंता ऐकते आणि हसते.

तात्पर्य: जागा बदलण्याआधी, तिथे चालणाऱ्या माणसांना ती कशी आठवते हे विचारावं.