ताम्रमुखाची जकात आणि हिराई रंगारीण

एका राज्यात, निळीच्या मळ्यांपलीकडे, राजधानीच्या वेशीवर तांब्याचे एक भलेमोठे तोंड होते. त्याचे नाव ताम्रमुख. आत येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याचा निम्मा माल ते गिळी. हीच त्याची जकात. माल लपवणारा तिथल्या तिथे तांब्याचा पुतळा होई. असे पुतळे वेशीपाशी रांगेने उभे होते, आणि कावळे त्यांच्या डोक्यावर खुशाल बसत.

त्यांतलाच एक हिराई रंगारणीचा नवरा, सोमाजी. पागोट्यात रेशीम दडवून निघाला, आणि एक पाय उचललेला तसाच राहिला. हिराई रोज पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसे आणि डोळे पुसत घरी येई. पण रडत बसून रंगाची कढई थोडीच तापते?

एके दिवशी राजाचा प्रधान कपालकेतू दारी आला. तो मोठा जादूगार. म्हणाला, "ही शाल घे. हिच्याखालचा माल कोणालाच दिसत नाही. बदल्यात तुझी रंगशाळा माझी."

"लपवणाऱ्याचे काय होते, ते मी रोज पदराने पुसते, प्रधानजी," हिराई म्हणाली. "शाल परत न्यावी."

मग निळीत नुकत्याच रंगवलेल्या लुगड्यांची चार गाठोडी घेऊन ती वेशीवर गेली. रीतीप्रमाणे वाकून म्हणाली, "मायबाप, दया करा." ताम्रमुखाने दोन गाठोडी गिळली.

कमानीवरची साळुंकी खो-खो हसली. "अगं वेडे, पिढ्यान्‌पिढ्या सगळे दयाच मागतात! दया राजाच्या मर्जीची, सूट कायद्याची. पहिल्या राजाने हे तोंड घडवले तेव्हाच सूट ठरवली. कामात झिजलेल्या अवजाराची, वाटसरूंसाठी केलेल्या सोयीची आणि नफ्यातून धंद्यातच परत घातलेल्या पैशाची. पण मागितल्यावाचून हे देत नाही, आणि साक्षीवाचून मानत नाही."

"मग दवंडी का पिटत नाहीत?"

"कपालकेतूने दवंडीवाल्यांच्या जिभा बांधल्या. पाखरू काय बोलणार, म्हणून मला सोडले. आणखी ऐक. लपवणाऱ्याच्या घरच्या कोणी उजळ माथ्याने खरी जकात भरली, तर पुतळा सुटतो."

हिराई धावतच घरी आली. पण साळुंकीचे बोल कानी पडताच कपालकेतू तिच्या आधी पोचला होता. त्याने जुनी कढई डोंगराएवढी जड केली. हिराईने तिच्या काठावरून रोजच्यासारखा हात फिरवला, तशी ती हलकी झाली. त्याने तिने वाटसरूंसाठी घातलेल्या पाणपोईचे रांजण आटवले. तिथे पाणी प्यायलेला एक ढग खाली उतरला आणि घागर भरून गेला. त्याने तिचा नवा निळीचा मळा जाळला, तर राखेतून एक रोप म्हणाले, "मला मुळासकट उचल."

तिन्ही साक्षी घेऊन ती वेशीवर आली. या वेळी ती वाकली नाही.

"दया नको. माझ्या हक्काची सूट मागते."

"साक्ष?" ताम्रमुख म्हणाले.

"हिच्या कामात माझे बूड झिजले," कढई म्हणाली.

"हिने मला कधी विकले नाही," पाणी म्हणाले.

"मी हिच्या नफ्यातून उगवले," रोप म्हणाले.

"मान्य. जकात एकाच गाठोड्याची," ताम्रमुख म्हणाले. "दुसरे परत घे." आणि ते गोंधळले. "पण माझ्या पोटात तर एकच आहे!"

तेवढ्यात कमानीमागून दगडांवर निळे थेंब टपटपले. रंग ओला होता, तो शालीला थोडाच जुमानतो? निळ्या ओघळांनी माखलेल्या त्याच शालीखाली कपालकेतू उभा, बगलेत गाठोडे. कायद्याहून जादा गिळलेला माल मागच्या वाटेने इतकी वर्षे त्याच्याच वाड्यात जात होता.

"लपवलास!" ताम्रमुख गरजले. कपालकेतू जागच्या जागी तांब्याचा झाला. करावे तसे भरावे!

ताम्रमुखाने आपल्या पोटातले गाठोडे हिराईपुढे ठेवले. "हे तू आपल्या हाताने भर." तिने ते उचलून मान ताठ ठेवून त्याच्या तोंडात घातले. त्याच क्षणी दवंडीवाल्यांच्या जिभा सुटल्या, आणि मागे सोमाजीचा उचललेला पाय जमिनीवर टेकला.

"हिराई, रेशीम..." तो ओशाळून पागोटे चाचपू लागला.

"सोडा ते पागोटे," ती हसत-रडत म्हणाली, "आणि मोजा उघड्यावर."

राजाने वाड्यातला माल ज्याचा त्याला दिला. वेशीवर रोज सूट पुकारली जाऊ लागली, हिशेब खरे झाले, एकेक घर पुढे आले आणि एकेक पुतळा चालू लागला. कावळ्यांना बसायला एकच डोके उरले. त्या डोक्याखालच्या तांब्यावरचा निळीचा रंग कधी उतरला नाही, आणि हिराईची मान पुन्हा कधी वेशीवर झुकली नाही.