दरीपलीकडचं लोणचं

खूप खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा कावळे माणसांशी सरळ बोलत, आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत.

एका खोल दरीच्या दोन काठांवर दोन वाड्या होत्या. अलीकडच्या वाडीत एक भाऊ राहायचा. पलीकडच्या वाडीत त्याची थोरली बहीण दिलेली होती. घरं अगदी समोरासमोर. तिनं चूल पेटवली की धूर याला लगेच दिसे. तिनं मारलेली हाक एका श्वासात याच्यापर्यंत येई. पण पायांनी जायचं तर दरी उतरा, नदी ओलांडा, पुन्हा डोंगर चढा. उजाडता निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा. म्हणून जाणंयेणं वर्षातून एखाद्या वेळी, आणि बोलणं सगळं हाकेवर.

रोज संध्याकाळी बहीण कड्यावरच्या खडकावर उभी राहून ओरडायची, "जेवलास का रे बाळा?"

बाळाच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. तरी तो रोज ओरडून सांगायचा, "जेवलो गं अक्का!" आणि मगच पानावर बसायचा. एवढं खोटं त्याला माफ असावं. ती हाक आल्याशिवाय त्याला घासच गोड लागत नसे.

एका उन्हाळ्यात बहिणीनं कैरीचं लोणचं घातलं. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि मीठ आईच्याच मापानं. एक बरणी तिनं बाजाराला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर भावाकडे धाडली. निरोप दिला, की महिनाभर मुरू दे, तोवर उघडू नको.

भावाला कुठला धीर! त्यानं त्याच दिवशी फोड तोंडात टाकली. त्यातून बैल लंगडत घरी आला होता, म्हणजे डोकं आधीच तापलेलं.

संध्याकाळी बहिणीनं मोठ्या हौसेनं विचारलं, "लोणचं कसं झालंय रे?"

"खारट!" तो ओरडला. "आईची सर नाही!"

रागाचं बरं असतं. शब्द थोडे आणि आवाज मोठा, त्याला दरी ओलांडायला काही कष्ट पडत नाहीत. दोन्ही वाड्यांनी ते ऐकलं, आणि वर कड्यांनी तीनतीनदा म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून खडक रिकामा. धूर दिसे, पण हाक येईना. भाऊ पानावर बसे आणि तसाच उठे.

असा महिना गेला. एका दुपारी भाकरीबरोबर खायला काही नव्हतं म्हणून त्यानं बरणी काढली. एवढ्या दिवसांत मीठ सावकाश कैरीत शिरलं होतं. पहिल्याच घासाला त्याचे डोळे भरून आले. हे तर आईचंच लोणचं!

तो तसाच कड्याकडे धावला. "अक्काऽऽ! लोणचंऽऽ..."

बहीण अंगणातच होती. 'लोणचं' हा शब्द ऐकला आणि पुढचं ऐकायला न थांबता तिनं घरात जाऊन दार लावलं. तिचं तरी काय चुकलं? ओरडून बोललेलं सगळं भांडणासारखंच वाटतं.

मग भावानं झाडावरच्या कावळ्याला गाठलं. "तू चुटकीसरशी पलीकडे जातोस. माझं चुकलं, एवढं तिला सांग."

"सांगेन की," कावळा म्हणाला. "पण तिला वाटेल, मेला घास मागायला आला. चुकलंय तुझं ना? मग तूच सांग, आणि हळू सांग."

"हळू बोललो तर तिला ऐकू कसं जाईल?"

"जवळ गेलास की जाईल," कावळा म्हणाला आणि उडून गेला. त्याला त्याची कामं होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भाऊ निघाला. डोक्याला लाल पागोटं, काखेत बरणी, आणि एक गुडघा दुखरा. उतारावर तो तीनदा बसला. नदीत कमरेपर्यंत भिजला. काय बोलायचं ते वाटभर घोकत होता, आणि चढणीला लागेपर्यंत त्यातलं निम्मं विसरला.

दिवेलागणीला तो पोचला, तर दार उघडंच. आत दोन पानं मांडलेली आणि चुलीवर भात रटरटत होता.

"अक्का," तो अगदी हळू म्हणाला, "माझं चुकलं. लोणचं आईचंच आहे गं."

बहिणीनं पदरानं डोळे पुसले. "सकाळी तुझं पागोटं उतारावर दिसलं, तेव्हा म्हटलं, येऊ दे मेल्याला, चांगला फैलावर घेते. नदीपाशी दिसलं, तेव्हा राग निम्मा उतरला. चढणीवर गुडघा धरून बसलास, तेव्हा मी तांदूळ धुवायला घेतले." मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवलास का रे बाळा?"

"नाही गं अक्का," तो म्हणाला. या प्रश्नाला त्यानं पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं होतं.

संध्याकाळची हाक पुन्हा सुरू झाली. पण कधी रुसवा झालाच, तर दोघांपैकी एक जण मुकाट्यानं पायात वहाणा घालायचं.

लहानांनो आणि मोठ्यांनो, दुखावणारा शब्द एका हाकेत पोचतो, पण दुखावलेल्या माणसापर्यंत आपल्याला चालतच जावं लागतं.