मुका घास

लहानथोरांनो, नीट ऐका. मी एकदाच सांगतो.

फार फार वर्षांमागे एका राजाची नगरी माणसांनी भरून गेली. घरांना जागा उरली नाही. तेव्हा राजाने वेशीबाहेरची, रानाच्या कडेची जमीन दिली आणि तिथे शंभर घरांची नवी वस्ती उभी राहिली. वस्ती आणि रान यांच्यामध्ये करवंदीची दाट जाळी होती. त्या जाळीत मुंगसांची एक जोडी राहायची. माणसे येण्याच्या कितीतरी आधीपासून राहायची.

वस्तीतल्या लोकांची एक जुनी रीत होती. दिवेलागणीला अंगणातल्या दगडावर मुक्या जिवांसाठी एक घास ठेवायचा आणि घरात यायचे. मागे वळून पाहायचे नाही. पाहिले तर पुण्य जाते, असे सारे मानत. याला ते मुका घास म्हणत.

वेशीच्या आत हे ठीक होते. तिथे घरी परतणाऱ्या गाई तो घास खात. नव्या वस्तीत गाई थोड्या आणि शेजाऱ्यांची चढाओढ मोठी. एकाने घास ठेवला, दुसऱ्याने भाकरी ठेवली, तिसऱ्याने वाडगाभर भात. सकाळी दगड स्वच्छ. लोक खूश.

मग उंदीर झाले. पोती फुटली. गोधड्यांच्या चिंध्या झाल्या.

पाटलाने सभा बोलावली. म्हणाला, "हे उंदीर त्या जाळीतून येतात. जाळी जाळा."

"येताना पाहिलेत का पाटील?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"पाहायचं काय त्यात? रान तिकडं, तर उंदीरही तिकडचेच."

जाळी पेटवली. धुरातून मुंगसे बाहेर पडली. कुणाची तरी कोंबडी गेली होती, तिचा आळ त्यांच्यावर आला. काठ्या पडल्या. नर जागीच मेला. मादी पळाली.

पंधरा दिवसांत उंदीर दुप्पट झाले.

त्या वस्तीत एक कुंभारीण होती. नवरा मडकी घेऊन बाजार फिरायचा. तिची दोन लेकरे पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी सहा महिन्यांची होती. एका दुपारी उंदीर पाळण्यात शिरला आणि मुलीच्या पायाच्या अंगठ्याला चावला.

वैद्याने लेप लावला. म्हणाला, "बाई, ही जखम भरेल. पण पोर अशक्त आहे. पुन्हा चावला तर माझ्याकडं औषध नाही."

तेव्हापासून कुंभारणीच्या डोळ्याला डोळा लागेना. भिंतीत खुडखुड झाली की ती दचकायची. खुडखुड थांबली की आणखी घाबरायची. तिने मुका घास वाढवला. एका भाकरीऐवजी तीन ठेवू लागली. स्वतः अर्धपोटी राहिली. पुण्य वाढेल आणि पोर वाचेल, एवढेच तिला कळत होते.

खुडखुड वाढली.

एक दिवस पोरीला पाठीशी बांधून ती मातीच्या खाणीवर गेली. खाणीच्या कडेला एक बीळ होते. त्यातून मुंगशीण बाहेर आली. तिची शेपटी होरपळलेली होती.

"बाई, रोज कुणाला जेवू घालतेस?" तिने विचारले.

"मुक्या जिवांना."

"त्यातलं कोण येतं जेवायला?"

"ते बघायचं नसतं."

"माझं घर जाळताना बघितलं नाहीत. माझ्या धन्याला मारताना बघितलं नाहीत. आता पोरीसाठी तरी बघ." एवढे बोलून मुंगशीण बिळात गेली.

त्या सांजेला कुंभारणीने दगडावर भाकरी ठेवली. दारात आली. पोरीला छातीशी घट्ट धरले. पुण्य गेले आणि पोरही गेली तर?

तिने वळून पाहिले.

दगड दिसतच नव्हता. नुसते उंदीर. खाऊन झाल्यावर ते सरळ भिंतीकडे आले आणि पाळण्यामागच्या भोकातून एकेक करून आत शिरले.

दुसऱ्या दिवशी तिचा दगड रिकामा राहिला. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "अगं, दोन गेली, एक उरलंय, आणि हात आखडतेस?"

"काकू, आज वळून बघा."

"मी नाही बाई असलं पाप करायची!"

भुकेले उंदीर आता तिच्या घरात धावू लागले. आपण चुकलो की काय, असे तिला वाटले. पण ती कुंभारीण होती. तिने रुंद तोंडाचा मोठा रांजण घासून गुळगुळीत केला, त्यात गोधडी घालून पोरीला निजवले आणि काठी घेऊन शेजारी बसली. उंदीर रांजणावर चढायचे आणि घसरून पडायचे. तीन दिवस ती तशीच बसली होती.

चौथ्या दिवशी पाटलीणबाई आल्या. त्यांनी रांजण पाहिला. पोर हसत होती. कुंभारीण त्यांनाही म्हणाली, "आज वळून बघा." त्या घरी गेल्या, सांजेला घास ठेवला आणि वळून पाहिले. मग पाटलाचा दंड धरून त्याला दारात आणले.

"बघा. तुमच्या अंगणात पंगत बसलीय."

पाटलाने बराच वेळ पाहिले. मान खाली घातली.

मुका घास बंद झाला. आता ज्याला घास द्यायचा, तो उजेडी द्यायचा, गाईच्या तोंडात, आणि ती खाऊन होईपर्यंत उभे राहायचे. धान्य झाकणाच्या रांजणांत गेले. भिंतींची भोके लिंपली. अन्न मिळेना, तसे उंदीर पांगले, पण सगळे गेले नाहीत. करवंदीची रोपे पाटलाने स्वतःच्या हाताने लावली. त्यांची जाळी व्हायला तीन पावसाळे लागले. तोवर वस्ती कान टवकारूनच निजत होती.

चौथ्या वर्षी खाणीतली मुंगशीण जाळीत राहायला आली. सोबत रानातला नवा जोडीदार होता. उरलेले उंदीर त्या दोघांनी संपवले. मेलेला नर मात्र कुणाला परत आणता आला नाही.

कुंभारणीची पोर मोठी झाली. अंगठ्यावरचा व्रण राहिला. अंगणातला तो दगडही राहिला, रिकामा.

बोध एवढाच: कुणाला पोसता आणि कुणाला मारता हे डोळे उघडून पाहा, नाहीतर तुमचेच पुण्य शत्रूला पोसते आणि तुमचाच हात राखणदाराला मारतो.