काळं खुराडं

एका गावात एक म्हातारा सुतार होता. लाकडातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं तो रोज सांगायचा. रोज ऐकून ऐकून गावाने शेवटी ते मान्य करून टाकलं होतं. सगळे त्याला तात्या म्हणायचे.

त्याच्या शेजारच्या घरात नवी सून आली. तिला कोंबड्या पाळायच्या होत्या, म्हणून ती तात्याकडे लाकूड मागायला गेली. तात्याने सरपणाच्या ढिगातल्या आंब्याच्या फळ्या ओढून तिच्यापुढे टाकल्या.

"घे. तुझ्या कोंबड्यांना एवढं बास झालं. दोन पावसाळे टिकलं तरी नशीब समज."

तिने फळ्या उचलल्या आणि स्वतःच ठोकठाक करून खुराडं उभं केलं.

तीन पावसाळे गेले. तात्याच्या दारातही एक खुराडं होतं, ऐनाच्या भारी लाकडाचं, पण ते तळाला कुजलं. पायांना वाळवी चढली. बोट लावलं की भुसा गळायचा. कुंपणापलीकडे तिचं खुराडं मात्र काळंकुळकुळीत आणि ठणठणीत उभं होतं. टाकाऊ फळ्यांचं, आणि तेही तात्याच्या नाकावर टिच्चून.

तात्याला जेवण गोड लागेना. तिची कोंबडी अंडं घालून ओरडली की त्याला वाटायचं, ही मला ऐकवायलाच ओरडतेय.

"अहो, ती दर उन्हाळ्यात काहीतरी लावते त्याला," त्याची बायको म्हणाली. "जाऊन विचारा की एकदा."

"मी विचारू? तिला? ती पाळण्यात होती तेव्हा माझ्या हातात रंधा होता."

"मग रंधा घेऊन बसा. वाळवी घाबरेल त्याला."

तात्या विचारायला गेला नाही. जळत बसला. जळता जळता त्याने मनाशी एक गोष्ट जुळवली. आंब्याचं लाकूड तीन पावसाळे टिकेलच कसं? म्हणजे त्या दिवशी आपल्या हातून चुकून चांगल्या फळ्या गेल्या. म्हणजे आपलंच उत्तम लाकूड ही पोरगी वापरतेय. दोन दिवसांत त्याला हे इतकं खरं वाटायला लागलं की तो तिला चोर समजू लागला.

मग तो पारावर गेला. तिथे गावातले म्हातारे बसलेले असायचे. दुसऱ्याच्या घरातला न्याय करणं ही त्यांची दुपारची करमणूक होती.

"गावात काळं खुराडं कधी होतं का?" तात्याने विचारलं. "सकाळी उठून पहिलं काळं दिसतं. यंदा माझ्या गुडघेदुखीने उगीच का जोर धरलाय?"

सगळ्यांनाच आपापली दुखणी आठवली. सुनेला बोलावणं गेलं.

"काळं कशाला केलंस गं ते?"

"काजळी आहे, आजोबा. करंजाच्या तेलात घालते. तेल कुठे पोचलं नाही ते दिसावं म्हणून."

"आम्ही तुला तेलाचं विचारलं का?"

"मग काय विचारलंत?"

उलट विचारलं म्हणून तिला उद्धट ठरवण्यात आलं. निकाल झाला: खुराडं अपशकुनी आहे, ते मोडावं आणि फळ्या तात्याने नेऊन जाळून टाकाव्यात.

तिने खुराडं स्वतःच्या हाताने मोडलं. रडली नाही. फळ्या कुंपणावरून देताना एवढंच म्हणाली, "तात्या, तुम्ही या जाळणार नाही, हे मला कळतंय. न्या. पण नुसत्या फळ्यांनी काही होत नाही. खाली चार सपाट दगड ठेवा, लाकूड मातीला टेकू देऊ नका. आणि दर उन्हाळ्यात रिकामं करून वाळवून तेल..."

"मला शिकवतेस?" तात्या म्हणाला. तिच्या खुराड्याखालचे दगड तिथेच सोडून तो फळ्या घेऊन गेला.

घरी येऊन त्याने सगळ्यात आधी त्यांच्यावर रंधा मारला. काळं राहिलं असतं तर गावाने फळ्या ओळखल्या असत्या. तेल प्यालेला थर ढलप्यांत निघून गेला आणि खालून आंब्याचं पांढुरकं लाकूड बाहेर आलं. त्याचंच सरपण. एक क्षण त्याचा हात थांबला. मग त्याने आणखी जोरात रंधा मारला. त्या फळ्यांचं नवं खुराडं करून त्याने ते मातीवर, ओल्या भिंतीला टेकून ठेवलं.

पावसाळा संपायच्या आत तळ लापशीसारखा झाला. एका सकाळी सुतारीण दाणे घेऊन गेली तर तळाला मुंगसाने पाडलेलं भोक होतं आणि आत नुसती पिसं. एकही कोंबडी उरली नव्हती.

सुतारीण तडक कुंपणाकडे निघाली.

"तिच्या दारात जाऊ नकोस. माझी काय अब्रू राहील?"

"कोंबड्या मी वाढवल्या होत्या," ती म्हणाली. "तुमची अब्रू अंडी देत असती तर थांबले असते."

शेजारची सून तेव्हा खोक्यांच्या फळ्यांचं दुसरं खुराडं करून त्याला तेल लावत होती. काळंच. सुतारिणीने विचारलं, तिने सांगितलं. तेल कढवायचं कसं, चिंधीने फटींत जिरवायचं कसं, कोंबड्या पुन्हा कधी आत सोडायच्या, सगळं. चहा पिऊन होईस्तोवर सांगून झालं. तेवढ्यासाठी तात्याने अख्खं वर्ष जळून काढलं होतं.

महिन्याभरात तात्याच्या दारातही दगडांवर काळं खुराडं उभं राहिलं. पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "तात्या, हे काळं कसं?"

"ऊन लागून झालंय," तात्या म्हणाला.

त्या म्हाताऱ्याने मान डोलावली. सुतारिणीने तेलाची कृती गावभर सांगून ठेवली होती, आणि त्याच्या घरचं खुराडंही गेल्या आठवड्यापासून ऊन लागून काळं झालेलं होतं. सुनेची माफी मात्र कुणीच मागितली नाही.

तात्पर्य: धाकट्याला विचारण्यात कमीपणा मानणारा म्हातारा आधी जळतो, मग हिसकावतो, आणि शेवटी त्या धाकट्याचंच शिकून खोटं बोलतो. वय झालं म्हणून त्याला शहाणा म्हणू नये.