धरणाचं पाणी कुणाला

“...आणि समजा, पाणी एकाच उद्योगाला द्यायचं ठरलं, तर कुणाला द्यायचं, बाबा?”

नूरशाबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसले होते. मागांच्या गावात हवेतही कापूस असतो. दाढीत अडकलेले तंतू ते सावकाश वेचत होते.

प्रश्न विचारणारे मुरलीधर रंगारी नियोजन खात्यातले मोठे साहेब होते. नव्या धरणाचं पाणी कुणाला जावं, यावर उद्या मंत्र्यांसमोर त्यांचाच शब्द शेवटचा ठरणार होता. या मानाचं साहेबांना भारी अप्रूप होतं. पण गेले कित्येक दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

कारण हे गाव त्यांचंच होतं. नदीच्या पलीकडे त्यांचा थोरला भाऊ काशिनाथ सूत रंगवायचा. पाणी साखरेला गेलं तर भावाची भट्टी विझणार, आणि सुताला दिलं तर लोक म्हणणार, साहेबांनी घरचं पाहिलं.

म्हणून साहेब गावात आले, पण घरी गेले नाहीत. गाडी वेशीबाहेर लावून थेट दर्ग्यावर आले आणि नदीकडे पाठ करून बसले. भट्टीचा धूर दिसला की मन डळमळतं, असं त्यांचं त्यांनाच वाटत होतं.

घराघरातून यंत्रमाग खटखटत होते. बोलायचं तर जवळ सरकावं लागत होतं.

“उद्योग म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“ज्यांच्यावर राज्य चालतं ते.”

“आमची अम्मा म्हणायची, नूर, हा काय उद्योग करून ठेवलास! तोच का हा?”

साहेबांना हसू आलं नाही. मोठ्या माणसांना अशा वेळी येत नाही.

“बाबा, मी गंभीरपणे विचारतोय. आता साखर घ्या. अर्धा मुलूख उसावर उभा आहे.”

“बरं...”

“मग कापड. त्यावर किती चुली पेटतात!”

“बरं...”

“मोटारी आहेत. औषधं आहेत. परदेशात आपलं नाव त्यांच्यामुळे आहे. पोलाद आहे. प्रत्येक जण म्हणतो, राज्याचा कणा मीच.”

“एका पाठीला एवढे कणे...” बाबा म्हणाले आणि पुन्हा दाढी चाचपू लागले.

साहेब बोलत राहिले. कोण किती पाणी पितो, कोण किती हातांना काम देतो. बोलता बोलता त्यांची जीभ जड झाली. मागांची खटखट लहानपणीसारखीच होती, जराही बदललेली नव्हती.

बाबांनी ओट्यावरची घडी केलेली चादर त्यांच्याकडे सरकवली.

“पड जरा.”

“मला वेळ नाही, बाबा...”

एवढं म्हणून साहेब आडवे झाले.

स्वप्नात धरण काठोकाठ भरलेलं होतं. दिवेलागणीची वेळ होती. उद्योग एकामागून एक पाण्यावर येत होते, रानातून गुरं यावीत तसे. साखर कारखाना धुराड्यासकट गुडघे टेकून पाणी पीत होता. मोटारींचा कळप काठावर माना खाली घालून उभा होता. औषधांच्या बाटल्या उथळ पाण्यात चुळबुळत होत्या. पोलादाची भट्टी जीभ बुडवायची आणि सगळीकडे वाफ व्हायची. मागे, अगदी मागे, मागांची रांग ताटकळत होती.

मधोमध मुरलीधर, हातात काठी.

एकालाच ठेवायचं होतं, बाकीच्यांना हाकलायचं होतं. त्यानं काठी उचलली. पण ज्याच्याजवळ जावं त्याचे डोळे ओळखीचे निघायचे. घरचे डोळे होते, आणि नाव मात्र आठवत नव्हतं. मग सगळ्यांनी पाणी पिता पिता माना वर केल्या आणि त्याच्याकडे पाहिलं...

आणि आवाज थांबला.

मुरलीधर दचकून उठून बसला. मागांच्या गावची माणसं आवाजानं कधी जागी होत नाहीत, आवाज थांबला की होतात.

“काय झालं?”

“काही नाही. वीज गेली.”

सगळं गाव एकदम गप्प झालं होतं. उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, खाली यायची त्यांना घाई नव्हती. अजून स्वप्नच चालू आहे, असं मुरलीधरला वाटलं.

तेवढ्यात पाठीमागून हाक आली.

“मुरल्याऽऽ...”

त्यानं वळून पाहिलं. नदीपलीकडे एक माणूस उभा होता. कोपरापर्यंत दोन्ही हात निळे. ते हात उंच करून तो हलवत होता.

“मुरल्याऽऽ, जेवायला ये रेऽऽ! वहिनी खोळंबलीय!”

पाण्याचं काही नाही. भट्टीचं काही नाही.

मुरलीधर उठून उभा राहिला. त्यानंही हात उंच करून हलवला. त्याला लाज वाटली, आणि कितीतरी दिवसांनी खरीखुरी भूकही लागली.

“दादाचा घसा बसलाय,” तो हळूच म्हणाला. “कधीपासून हाका मारतोय, बाबा?”

“साखरेपासून.”

“साखरे... मग मला सांगितलं का नाहीत?”

बाबांनी दाढीतला एक तंतू चिमटीत धरला आणि फुंकर मारून सोडून दिला.

“कसं सांगणार, बेटा... तू राज्याचं सांगत होतास.”